धनुष्याला दोरी कशाची?

५ ऑगस्ट २०२३ रोजी बर्लिनमध्ये साताऱ्याच्या अदिती स्वामीनं मेक्सिकोच्या आंद्रेआ बेसेराला १४९–१४७ असं हरवलं आणि वयाच्या सतराव्या वर्षी ती कंपाउंड प्रकारात जगज्जेती झाली. साताऱ्यातच प्रवीण सावंत यांच्याकडे सराव करणाऱ्या नागपूरच्या ओजस देवतळेनं त्याच दिवशी १५० पैकी १५० गुण घेऊन पुरुषांचं विजेतेपद मिळवलं. त्याच्या महिनाभर आधी साताऱ्याचा पार्थ साळुंखे रिकर्व्ह प्रकारात युवा जगज्जेता झाला होता. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव तर त्याआधीच टोकियो ऑलिंपिकला जाऊन आला होता. तेव्हापासून आमच्याकडे, म्हणजे सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत, शाळाशाळांतून धनुष्यं दिसू लागली. पालक येतात, चौकशी करतात. धनुष्य कुठलं घ्यावं, बाणांचा संच केवढ्याला पडतो, शिकवणारे कोण आहेत, हे सगळं विचारतात. दोरी कशाची आहे, हे मला आजवर एकाही पालकानं विचारलेलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात एका गावातल्या मैदानावर सहावीतला एक मुलगा कळकाच्या धनुष्यानं सराव करत होता. पहिले पाच-सहा बाण बऱ्यापैकी जवळ जवळ बसले. मग एकेक बाण खाली जायला लागला. मुलगा रडकुंडीला आला. मला म्हणाला, "सर, माझा हात खाली येतोय." मी त्याचं धनुष्य हातात घेतलं. दोरी म्हणून बाजारातली नायलॉनची सुतळी दुहेरी करून बांधली होती. सकाळी धनुष्याच्या पोटापासून साडेसहा इंचांवर असलेली ती दोरी तासाभरात पाच इंचांवर आली होती. हात जागेवर होता, दोरी लांबत होती. आणि त्या पोरानं सगळा दोष स्वतःच्या हाताला लावून घेतला होता.

हा लेख त्या मुलामुळे लिहितोय. दोरी चुकली की खापर हातावर फुटतं. म्हणून दोरीचा प्रश्न एकदा सगळ्या बाजूंनी बघायला हवा: आपल्याकडे पूर्वी काय वापरत, आपल्या मातीत आज काय मिळतं, दुकानात काय मिळतं आणि कुठल्या धनुष्याला यातलं काय शोभतं.

आधी दोरीला काम काय असतं ते पाहू. तिनं धनुष्याची ताकद बाणाकडे पोचवायची. ती रबरासारखी ताणली तर ती ताकद दोरीतच जिरते. ती जड असेल तरी नुकसान होतं. दोरीच्या वजनाचा साधारण तिसरा हिस्सा बाणाच्या वजनात मिळवल्यासारखा भार धनुष्यावर येतो. मधोमध, बाण बसतो तिथं गुंडाळलेला दोरा तर जवळजवळ पूर्ण वजनानं मोजावा लागतो, कारण तो भाग बाणाच्याच वेगानं धावतो. म्हणजे दोरी न ताणणारी हवी आणि हलकी हवी. पण त्याचबरोबर तिनं धनुष्यालाही सांभाळायचं असतं. बाण सुटताना धनुष्याचे दोन्ही बाहू पुढे झेपावतात आणि दोरी त्यांना क्षणात जागच्या जागी थांबवते. अजिबात न ताणणारी दोरी हा सगळा हिसका बाहूंच्या टोकांवर देते. फायबरचं धनुष्य तो सोसतं. कळकाचं किंवा लाकडाचं धनुष्य काही दिवस सोसतं, मग टोकाशी चीर जाते. इथंच एका मागणीचं दुसरीशी भांडण आहे आणि दोरीची सगळी निवड या भांडणाचा निवाडा करण्यात आहे.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शस्त्रागाराच्या अध्यक्षाची कामं सांगताना धनुष्याच्या दोरीचे सहा प्रकार दिले आहेत: मूर्वा, अर्क म्हणजे रुई, शण म्हणजे ताग, गवेधु नावाचं गवत, वेणू म्हणजे बांबू आणि स्नायू म्हणजे जनावराचा कंडरा. ही यादी घेऊन मी आपल्या दोन जिल्ह्यांतून फिरलो, तर गवेधु सोडून सगळं हाताशी सापडलं.

मूर्वेपासून सुरुवात करू, कारण धनुष्याच्या दोरीला संस्कृतात जो 'मौर्वी' शब्द आहे तो या वनस्पतीवरूनच आला. आपण ज्याला मुंज म्हणतो त्या संस्कारात ब्राह्मण बटूला मुंज गवताची मेखला सांगितली आहे. क्षत्रिय बटूला मात्र मूर्वेची, धनुष्याच्या दोरीचीच मेखला सांगितली आहे. ही मूर्वा नेमकी कुठली, यावर वैद्यांचं एकमत नाही. सह्याद्रीत मोरवेल म्हणजे मूर्वा असं मानतात. उत्तरेकडे ज्या वेलीला मूर्वा म्हणतात, त्या वेलीच्या वाखाच्या दोऱ्या राजमहालच्या डोंगरातले लोक धनुष्याला लावत, अशी नोंद रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञानं केली आहे. तिसरं मत तलवारीसारख्या जाड पानांच्या एका झुडपाच्या बाजूचं आहे. इंग्रजांनी त्या झुडपाला नावच धनुष्याच्या दोरीवरून दिलं. दोरी वळणाऱ्याच्या दृष्टीनं मला हे तिसरं झुडूप पटतं. त्याच्या जातकुळीतलं झाड आज सांगलीतल्या निम्म्या फ्लॅटांच्या बाल्कनीत 'स्नेक प्लांट' म्हणून कुंडीत उभं आहे. त्याचं एक जुनं पान कापा, पाटावर आडवं ठेवा आणि सुरीच्या बोथट बाजूनं एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे खरवडत जा. हिरवा गर निघून जातो आणि पांढरेशुभ्र, पानाइतके लांब धागे उरतात. ते पाण्यात धुऊन सावलीत वाळवले की केसांसारखे सुटे होतात. पाच-सात पानांत लहान मुलाच्या धनुष्यापुरती दोरी होते. हाताखाली वाख कसा येतो हे शिकवायला याहून सोपं साधन मला माहीत नाही.

रुई तर आपल्या माळावर फुकट उभी असते. शनिवारी मारुतीला तिच्या पानांची माळ जाते. समर्थांनी स्थापन केलेल्या अकरा मारुतींपैकी बरेचसे याच दोन जिल्ह्यांत आहेत, त्यामुळे रुई कुठे मिळते हे कोणाला सांगावं लागत नाही. पण तिच्या सालीत काय आहे हे फार थोड्यांना माहीत असतं. रुईच्या सालीचा वाख रेशमासारखा चमकतो आणि ताणाला चांगला टिकतो. अडचण तो काढण्यात आहे. तागासारखा तो पाण्यात कुजवून काढायचा नसतो. सरळ वाढलेल्या फांद्या तोडून दोन-तीन दिवस उन्हात टाकायच्या, मोगरीनं हलक्या हातानं ठेचायच्या आणि मग साल सोलून आतला धागा बोटांनी वेगळा करायचा. दिवसभर बसलं तरी मूठभर निघतो. धनुर्वेदावरच्या जुन्या संस्कृत ग्रंथात रुईची साल भाद्रपदात घ्यावी असं सांगितलं आहे. त्यात तथ्य आहे, पावसावर वाढलेल्या फांद्या तेव्हा लांबसडक आणि रसरशीत असतात. एक सावधगिरी मात्र हवीच. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते. हे काम लहान मुलांना देऊ नये.

ताग हे या यादीतलं सगळ्यात व्यवहारी नाव. आपल्याकडे काही जण त्याला बोरू म्हणतात. ऊस पट्ट्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, तो सांगेल की ताग म्हणजे हिरवळीचं खत. पेरायचा, दीड-दोन महिन्यांत फुलावर आला की रोटर फिरवून गाडायचा. जमिनीला नत्र मिळतं, पुढचा ऊस जोमात येतो. हे बरोबरच आहे. पण कौटिल्याच्या शस्त्रागारातला शण तो हाच, आणि तो आपण दर वर्षी वाखासकट मातीत घालतो. वाख हवा असेल तर ताग फुलोऱ्यापुढे उभा ठेवावा लागतो, शेंगा धरेपर्यंत. मग कापून पेंढ्या बांधायच्या, संथ पाण्यात दगडाखाली बुडवायच्या. काही दिवसांत साल काडीपासून सुटते. थंडीत थोडे जास्त दिवस लागतात. जास्त कुजला तर वाख मऊ पडून तुटतो, कमी कुजला तर साल कडक राहते. तिसऱ्या-चौथ्या वेळेस हाताला अंदाज येतो.

अंबाडीचं नाव कौटिल्याच्या यादीत नाही, पण आमच्या भागात दोर म्हटलं की आधी अंबाडी आणि मग केकताड. केकताडालाच कोणी घायपात म्हणतं. केकताडाचा वाख जाड आणि राठ असतो. दाव्याला, चऱ्हाटाला तो उत्तम. धनुष्याच्या दोरीला मी तो घेणार नाही, कारण बोटांना घासतो आणि घट्ट वाकवला की मोडतो. बाहूच्या टोकाशी दोरी सतत वाकलेलीच असते. अंबाडी त्या मानानं मऊ. तिची पानं भाजीला आणि काडी वाखाला.

बांबूच्या दोरीबद्दल इथल्या माणसाला आधी खरंच वाटत नाही. सातपुड्यातल्या भिल्लांच्या धनुष्याला दोरीही बांबूचीच असते, बांबूच्या बाहेरच्या हिरव्या, चिवट भागाची लांब कामटी तासून केलेली. ती जवळजवळ ताणतच नाही, पावसाला बधत नाही आणि तुटली तर रानातच दुसरी तासता येते. वजनाला मात्र जरा जड, आणि तुटते ती न सांगता. आपल्याकडे माणगा, मेस, कळक असे बांबू आहेत. यातल्या कशाची कामटी दोरीला सर्वांत बरी, हे पाटण-जावळीकडच्या बुरूड कारागिरांबरोबर बसून पाहण्यासारखं आहे.

स्नायूची दोरी जगातली बहुधा सगळ्यात जुनी. १९९१ साली आल्प्सच्या बर्फात जो पाच हजार वर्षांपूर्वीचा माणूस सापडला, त्याच्या भात्यातली दोरी जनावराच्या कंडऱ्याचीच निघाली. आपल्याकडे या घराण्यातली ओळखीची वस्तू म्हणजे पिंजाऱ्याची तात. कापूस पिंजायचं पिंजण हे एक मोठं धनुष्यच असतं आणि त्याला शेळ्या-मेंढ्यांच्या आतड्याची तात लावतात. दिवसभर मोगरीचे टोले खाऊन ती तुटत नाही. माझ्या लहानपणी पिंजारी दारात आला की तिचा घुमणारा आवाज गल्लीभर यायचा.

आवाजावरून मिरज आठवते. मिरजेतली सतार-तंबोरा करणारी घराणी मुळात शिकलगारांची, म्हणजे शस्त्रांना धार देणाऱ्यांची. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांची मागणी संपत गेली तसे हे हात तंतुवाद्यांकडे वळले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. धनुष्याची दोरी नीट चढली आहे की नाही हे जुने तिरंदाज बोटानं छेडून, कानानं ठरवतात. योग्य उंचीवर चढलेली दोरी बाण सुटल्यावर कमी आवाज करते. सैल असेल तर फटकारा ऐकू येतो आणि हातातही थरथर येते. सूर लावणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही.

रेशमाबद्दल थोडक्यात सांगतो. शिंग, लाकूड आणि स्नायू चिकटवून केलेल्या कमानींना, तुर्कांपासून मोगलांपर्यंत, रेशमी दोरी लावत. रेशीम हलकं, बारीक आणि बळकट. किमतीमुळे ते आज शाळेच्या मैदानाला परवडणारं नाही.

आता हवेचा मुद्दा. मला वाटतं इतरत्र हा फारसा विचारात घेत नाहीत, पण आपल्या दोन जिल्ह्यांत तो टाळताच येत नाही. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्याला पाचशेची वाट बघावी लागते. सांगलीतली शिराळा आणि जत अशीच एकमेकांच्या विरुद्ध टोकाला. ताग, अंबाडी, सुती दोरा हे झाडांचे धागे ओले झाले की कमजोर होत नाहीत, उलट थोडे बळकट होतात. फक्त जड होतात आणि लांबी बदलते. स्नायू, तात आणि रेशीम यांचं उलट आहे, ते ओले झाले की ढिले पडतात. म्हणून भरपूर पावसाच्या पाटण-जावळीत स्नायूची दोरी पावसाळ्यात निरुपयोगी. माण-खटाव-जतच्या कोरड्या उन्हात मात्र वाखाची दोरी सुकून ठिसूळ होते. तिथं मेण कधी विसरायचं नाही.

हे सगळं ज्ञान धनुर्धराकडे नव्हतं, दोर वळणाऱ्याकडे होतं. आमच्या खेड्यांत दावी, कासरे, नाडे, चऱ्हाटं वळायचं काम पिढ्यान्‌पिढ्या मातंग समाजानं केलं. मोट गेली, बैल कमी झाले, नायलॉन आलं आणि हे हात रिकामे झाले. दोरीबद्दल मला जे थोडंफार कळतं त्यातलं निम्मं वाळवा तालुक्यातल्या अशाच एका आजोबांनी एका दुपारी शिकवलं. मी म्हणालो, "आबा, धनुष्याची दोरी वळायचीय." त्यांनी धनुष्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "ते राहू दे. त्या दोराला काम काय हाय ते सांग. वढायचं का आडवायचं?"

मी सांगितलं, सावकाश ओढायचं आणि एकदम अडवायचं, आणि ते दिवसात शे-दोनशे वेळा.

"मंग वाख लांब घे. पीळ बेतानं दे. दोन पेडी वळ. तीन पेडी गोल येतोय, पन जड हुतोय."

मग त्यांनी मांडीवर वाख घेतला. तळव्यानं दोन्ही पेडांना एका दिशेनं पीळ देत आणि त्याच हातानं ते पेड एकमेकांवर उलट दिशेनं बसवत त्यांनी हातभर दोरी माझ्यासमोर उभी केली. दोन विरुद्ध पीळ एकमेकांना धरून ठेवतात, म्हणून ती सोडली तरी उलगडत नाही. मधे मधे ते वाखाची भर घालत होते. मी वळायला बसलो तेव्हा त्यांनी एकदाच माझा हात धरला. दोन्ही पेडांना मी एकाच जागी भर घातली होती. "हितं तुटंल," एवढंच बोलले. दोन दिवसांनी ती दोरी धनुष्याला चढवली, आणि विसाव्या का पंचविसाव्या बाणाला तिथंच तुटली.

युरोप-अमेरिकेतले लाकडी धनुष्य वापरणारे आज ज्याला 'फ्लेमिश' दोरी म्हणतात, ती तत्त्वानं हीच. धाग्यांचे दोन किंवा तीन जुडगे करायचे, प्रत्येकाची टोकं एकाच ठिकाणी न संपवता पायरी-पायरीनं आखूड ठेवायची, म्हणजे दोरी फासापासून मध्याकडे निमुळती होत जाते. मग प्रत्येक जुडग्याला स्वतःभोवती उजवा पीळ, आणि जुडगे एकमेकांभोवती डावीकडे. फास वळून झाला की उरलेली शेपटं अंगच्याच पेडांत मिसळून टाकायची. ज्यानं कासरा वळला आहे त्याला हे अर्ध्या तासात येतं. दुसरी पद्धत अखंड फेऱ्यांची. दोन खुंट्यांभोवती एकच धागा हव्या तेवढ्या वेळा फिरवायचा आणि दोन्ही टोकांच्या फासांवर दुसरा दोरा घट्ट गुंडाळायचा. स्पर्धेतल्या रिकर्व्ह धनुष्याला बहुतेक अशीच दोरी असते, कारण तिच्यात सगळे धागे सारख्या ताणाचे राहतात. लाकडी धनुष्याला मी वळलेलीच दोरी पसंत करतो. तिच्या पिळातच थोडी लवचीकता असते, ती बाहूंना झेलते. शिवाय वरचा फास मोठा ठेवून खाली नुसती गाठ मारली तरी काम भागतं आणि लांबी कमी-जास्त करता येते.

वाखाची दोरी किती जाड करायची, याचा साधा हिशोब आहे. धनुष्य जेवढ्या पौंडांचं, त्याच्या किमान चौपट भार दोरीनं पेलला पाहिजे. चाळीस पौंडांच्या धनुष्याला एकशे साठ. एक धागा टांगत्या काट्याला बांधून हळूहळू ओढा आणि कितीवर तुटतो ते पाच-सहा वेळा बघून लिहून ठेवा. सगळ्यात कमी आकडा धरा, सरासरी नको. तो आठ पौंड आला तर वीस धागे लागतील. पण पीळ देताना थोडं बळ जातं आणि वाख कुठेतरी पातळ असतोच, म्हणून मी चोवीस घेतो. दोरी जाड झाली म्हणून बाणाची खाच बसत नसेल तर खाच थोडी रुंद करा, धागे कमी करू नका. दोरी तुटली तर धनुष्यही जाऊ शकतं, आणि तुटकं टोक कुठं उडेल याचा भरवसा नाही.

वळून झाली की दोरी एका रात्रभर वजन लावून टांगायची. तिचं लांबणं तिथंच होऊन जाऊ द्यायचं. मग मेण. मधमाशीच्या मेणात थोडी राळ वितळवून घेतली तर पेड एकमेकांना धरतात. नुसत्या मेणानं दोरी गुळगुळीत होते आणि पीळ सरकतो. काही जपानी धनुर्धर आजही भांगेच्या झाडाच्या वाखाची दोरी वापरतात आणि तिला राळ व तेलाचं मिश्रण चोळतात, ते याचसाठी. मेण लावल्यावर चामड्याचा तुकडा घेऊन हाताला ऊब लागेपर्यंत चोळायचं. मेण आत शिरतं ते उबेनं. मधोमध बाणाच्या जागी सहा-सात इंच सुती किंवा रेशमी दोरा एकाला एक लावून गुंडाळायचा. तो इतका घट्ट हवा की बोटानं सरकू नये. बाणाची खाच दोरीवर लावून बाण खाली लोंबता ठेवा आणि दोरीला बोटानं हलकी टिचकी मारा. बाण सुटून पडला तर खाच बरोबर. टिचकीशिवायच पडला तर सैल, टिचकीनंही न पडला तर घट्ट.

चढवलेली दोरी धनुष्यापासून किती लांब राहावी, याचं जुनं माप प्रत्येकाच्या हातात आहे. मूठ वळून धनुष्याच्या पोटाशी ठेवायची आणि अंगठा ताठ करायचा. अंगठ्याचं टोक दोरीला टेकलं पाहिजे. साधारण सहा-सात इंच भरतात. दर दहा-बारा बाणांनी हे माप पाहायची सवय मुलांना पहिल्या दिवसापासून लावावी. त्या सहावीतल्या मुलाला हे माप ठाऊक असतं तर त्यानं हाताला दोष दिला नसता.

आता दुकानाकडे येऊ. १९५० नंतरच्या दशकांत पॉलिएस्टरच्या दोरीनं, म्हणजे डॅक्रॉननं, जगभर वाख आणि ताग मागे टाकले. तिचा एकेक धागा पन्नास पौंडांच्या आसपास भार घेतो. तीस-पस्तीस पौंडांच्या धनुष्याला दहा धागे, पंचेचाळीसपर्यंत बारा, त्यापुढे चौदा, असा हिशोब रूढ आहे. ती थोडी ताणते, आणि लाकडी धनुष्याला तेच हवं असतं. सत्तरच्या दशकात केव्हलार आलं. ताण जवळजवळ नाही, बाण वेगानं जायचा, पण वाकण्याच्या जागी आतून थकून दोरी अचानक तुटायची. ऐंशीच्या दशकात 'फास्ट फ्लाइट' नावानं आलेल्या पॉलिथिलीनच्या धाग्यानं तो प्रश्न सोडवला. डायनीमा, स्पेक्ट्रा ही त्याच धाग्याची नावं. तो डॅक्रॉनच्या सुमारे दुप्पट भार घेतो, ताणत नाही, पाणी शोषत नाही. एकच खोड आहे, कायमच्या ताणाखाली तो वर्षानुवर्षं अगदी थोडा थोडा लांबत राहतो. कंपाउंड धनुष्यावर दोरी सदैव ताणलेलीच असते आणि पन्नास मीटरवर दहाचं वर्तुळ फक्त आठ सेंटिमीटरचं असतं. तिथं एक-दोन मिलिमीटरचा फरकही बाण नऊमध्ये नेतो. म्हणून त्या दोऱ्यांत डायनीमाबरोबर व्हेक्ट्रान मिसळतात, जे लांबत नाही. जागतिक पातळीवर खेळणाऱ्यांनी याच दोऱ्या वापराव्यात, यात शंका नाही.

पण भारतीय पद्धतीच्या स्पर्धेत, तीस आणि पन्नास मीटरवर, कळकाच्या धनुष्यानं नेम धरणाऱ्या शाळकरी मुलाला कोणी उत्साहानं डायनीमाची दोरी आणून देतं, तेव्हा मला काळजी वाटते. बारीक, न ताणणारी दोरी कळकाच्या खाचेत रुतते आणि टोक चिरते. द्यायचीच असेल तर टोकांना शिंगाचा किंवा कडक लाकडाचा तुकडा बसवा आणि फासाच्या जागी जास्तीचे धागे घालून तो जाड करा. नाहीतर सरळ डॅक्रॉन घ्या. तेही मिळत नसेल तर चामडं शिवायचा मेणवलेला पॉलिएस्टर दोरा चांभाराकडे मिळतो. तो वजनाला तपासून, चौपटीचा हिशोब लावून वळला तर नायलॉनच्या सुतळीपेक्षा कितीतरी पटीनं बरा. नायलॉन रबरासारखं ताणतं आणि प्लॅस्टिकची रंगीत सुतळी उन्हात कुजते. या दोन्हींना धनुष्यावर जागा नाही.

मग वाखाची दोरी आज कशासाठी वळायची? स्पर्धा जिंकण्यासाठी नाही. स्वतः दोरी वळलेला मुलगा धनुष्याकडे वेगळ्या नजरेनं बघतो. धागा कुठं विरलाय, मेण कधी सुकलंय, पीळ कुठं सैल पडलाय, हे त्याच्या बोटांना कळतं. पुढे तो डायनीमाच्या दोरीवर गेला तरी ही बोटं त्याच्याबरोबर जातात. आणि आबांसारख्यांच्या हातात जे आहे ते कोणाच्या तरी हातात उतरायला हवं. ती विद्या आहे आणि तिला शाळेत बोलावून, मानधन देऊन, खुर्चीवर बसवून ऐकलं पाहिजे.

यंदा आमच्या रानात उसाआधी ताग केला होता. फुलावर आल्यावर सगळा गाडला, फक्त ओढ्याकडच्या बांधाला चार ओळी उभ्या ठेवल्या. आता शेंगा धरल्यात. येत्या रविवारी कापून पेंढ्या डोहात टाकायच्या आहेत. साल सुटली की वाख धुवायला शाळेतली सात-आठ मुलं येतील, हात खाली येतोय म्हणणारा तो मुलगाही त्यात आहे. आबांना आणायला गाडी ठरवली आहे. त्यांनी येताना स्वतःची मोगरी आणतो म्हणून सांगितलंय.